स्वप्नातील अनोळखी चेहरा आणि जागेपणीची स्मृती

वर्षावासाच्या तीन महिन्यांत, आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, विहाराविहारांतून 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते. ग्रंथाच्या प्रारंभीच महामायेच्या स्वप्नाचा प्रसंग येतो. त्या दिवशीचे वाचन संपले की उपासक-उपासिकांकडून स्वप्नांविषयीचे प्रश्न हमखास विचारले जातात. नरखेड तालुक्यासारख्या ग्रामीण भागात हे प्रश्न केवळ कुतूहलापोटी येत नाहीत. स्वप्न पडते, पण उठल्यावर ते आठवत का नाही, हा त्यांतील पहिला प्रश्न. स्वप्नात कधीही न पाहिलेला माणूस दिसतो, तो कोण, हा दुसरा. तिसरा प्रश्न बहुधा बोलून दाखविला जात नाही. मात्र खरी भीती त्यातच असते. तो चेहरा आपल्याला काही सांगावयास आला असेल तर?

या तिसऱ्या प्रश्नावर अनेकांची उपजीविका चालते. आजारी मुलाच्या आईला भगत विचारतो, "स्वप्नात कोण दिसले?" ती म्हणते, "एक बाई दिसली, तोंड नीट आठवत नाही." मग वय, लुगड्याचा रंग, घराची दिशा असे एकेक विचारीत भगत त्या अस्पष्ट तोंडाला शेजारच्या एखाद्या विधवेचे किंवा म्हाताऱ्या जावेचे नाव देतो. स्वप्न एकीचे, नाव दुसऱ्याने दिलेले आणि शिक्षा तिसरीला, असा हा व्यवहार आहे. म्हणून जाग आल्यानंतर माणसाला स्वप्न आणि त्यातील चेहरे कितपत आठवतात, हे समजून घेणे ही केवळ मानसशास्त्राची हौस नव्हे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा आधुनिक संशोधन आणि पालि वाङ्मय या दोहोंच्या आधारे विचार करावयाचा आहे.

स्वप्न केव्हा पडते?

निद्रा ही सबंध रात्रभर एकसारखी नसते. अमेरिकेतील शिकागो विद्यापीठात युजीन ॲसेरिन्स्की आणि नथॅनियल क्लाइटमन यांनी १९५३ साली असे दाखवून दिले की, झोपेत ठरावीक अंतराने बंद पापण्यांखाली डोळ्यांची बुबुळे वेगाने हलू लागतात. या अवस्थेला जलद नेत्रचलनाची निद्रा म्हणतात. प्रौढ माणसाच्या झोपेचा सुमारे पाचवा ते चौथा हिस्सा ही निद्रा व्यापते. सुमारे दीड तासाच्या अंतराने ती पुन्हा पुन्हा येते आणि पहाटेकडे तिचा काळ लांबत जातो. पहाटेची स्वप्ने अधिक आठवतात याचे कारण हे आहे. 'पहाटेचे स्वप्न खरे होते' ही आपल्याकडील समजूत बहुधा यातूनच रूढ झाली असावी. जे आठवते ते महत्त्वाचे वाटते आणि जे महत्त्वाचे वाटते ते खरे मानले जाते.

१९५७ मध्ये विल्यम डिमेंट आणि क्लाइटमन यांनी झोपलेल्या माणसांना निरनिराळ्या अवस्थांतून उठवून प्रश्न विचारले. नेत्रचलनाच्या निद्रेतून १९१ वेळा उठविले असता १५२ वेळा स्वप्न सांगता आले. इतर निद्रेतून १६० वेळा उठविले असता केवळ ११ वेळा. पुढील संशोधकांनी प्रश्न विचारण्याची पद्धत बदलली, तेव्हा इतर निद्रेतही स्वप्नसदृश अनुभव असतात हे स्पष्ट झाले. तरीही मुख्य निष्कर्ष टिकून आहे. स्वप्न चालू असतानाच उठविले तर बहुतेक माणसांना ते सांगता येते. ते संपून काही मिनिटे गेली की सांगण्यासारखे फारसे उरत नाही. म्हणजे 'मला स्वप्नेच पडत नाहीत' असे म्हणणाऱ्या माणसाला बहुधा स्वप्ने पडत असतात, ती केवळ त्याच्या हाती लागत नाहीत.

आता नागसेन स्थविरांचे म्हणणे पाहू. 'मिलिन्दपञ्ह' या ग्रंथात राजा मिलिंद विचारतो की, माणूस स्वप्न पाहतो ते झोपेत की जागेपणी? नागसेन उत्तर देतात की, दोन्ही अवस्थांत नाही. चित्त भवंगात पूर्णपणे उतरले की ते व्यापार करीत नाही आणि जागेपणी स्वप्नाला जागा नसते. या दोहोंच्या मधील हलक्या झोपेला ते 'कपिनिद्दा', म्हणजे माकडाची झोप, असे नाव देतात. फांदीवर बसलेले माकड झोपलेलेही असते आणि सावधही असते, तशी ही अवस्था. नागसेनांजवळ मेंदूतील विद्युत्‌लहरी मोजणारी यंत्रे नव्हती आणि त्यांना आधुनिक शोध आधीच ठाऊक होता असा दावा करण्याचीही गरज नाही. परंतु स्वप्न हे आकाशातून येणारे आवाहन नसून चित्ताच्या एका विशिष्ट अवस्थेचे कार्य आहे, ही विचाराची दिशा त्यांच्या उत्तरात निश्चितपणे आहे.

आठवण का राहत नाही?

नवी आठवण पक्की होण्यासाठी मेंदूला काही रासायनिक द्रव्यांची मदत लागते. नॉरॲड्रेनलिन हे त्यांतील एक. नेत्रचलनाच्या निद्रेत हे द्रव्य सोडणाऱ्या पेशी जवळजवळ शांत असतात. तर्काने विचार करणारा, घटनांचा क्रम लावणारा कपाळामागील मेंदूचा भागही त्या वेळी मंदावलेला असतो. २०१९ मध्ये उंदरांवर झालेल्या एका संशोधनात असेही आढळले की, या निद्रेत मेंदूच्या तळाशी असलेल्या काही पेशी विसरण्याच्या कामी हातभार लावतात. यावरून स्वप्नाचे विस्मरण हा दोष किंवा शाप नव्हे, ती निद्रेची स्वाभाविक रीत आहे, हे ध्यानात यावे.

मग काहींना स्वप्ने भरपूर का आठवतात? फ्रान्समधील लियाँ येथील संशोधकांनी स्वप्ने वारंवार आठवणारी आणि क्वचित आठवणारी माणसे यांची तुलना केली. पहिल्या गटातील माणसे रात्रीच्या झोपेत मधूनमधून मिळून सुमारे ३० मिनिटे जागी असत, दुसऱ्या गटातील सुमारे १५ मिनिटे. झोप मोडली की तेवढ्या क्षणात स्वप्नाचा धागा जागृत स्मृतीच्या हाती येतो.

नरखेड-काटोल भागातील शेतकऱ्याला हे स्वतःच्या अनुभवावरून पडताळून पाहता येईल. ज्या आठवड्यात कृषिपंपाला वीज रात्री मिळते, त्या आठवड्यात संत्र्याच्या बागेला ओलीत करण्यासाठी मध्यरात्री उठून मोटार सुरू करावी लागते. पीक रानात उभे असते तेव्हा जागलीला गेलेला माणूस डुकरांच्या चाहुलीने रात्रीतून अनेकदा दचकून उठतो. अशा रात्री स्वप्ने 'जास्त पडतात' असे वाटते. वस्तुतः झोप अधिक वेळा मोडलेली असते, म्हणून स्वप्ने अधिक हाती लागतात. शेतात झोपल्यामुळे काही 'लागले' असा त्याचा अर्थ नव्हे.

याच नियमातून आणखी एक गोष्ट निष्पन्न होते. भयप्रद स्वप्न झोपणाऱ्याला जागे करते, साधे स्वप्न करीत नाही. त्यामुळे साधी स्वप्ने विरून जातात आणि भीतीची तेवढी मागे उरतात. 'मला वाईटच स्वप्ने पडतात' असे सांगणाऱ्या माणसाच्या सर्व स्वप्नांची मोजदाद कोणी केलेली नसते. त्याला जागे करणाऱ्या स्वप्नांचीच तेवढी झालेली असते.

तो अनोळखी माणूस कोण?

आता चेहऱ्यांकडे वळू. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कान, पेस-शॉट आणि हॉब्सन या संशोधकांनी ३३ प्रौढांची ३२० स्वप्ने तपासली. स्वप्नातील सुमारे ४८ टक्के माणसे नावानिशी ओळखीची होती. सुमारे ३५ टक्के माणसे केवळ भूमिकेने ओळखली गेली, जसे कोणी पोलीस, कोणी मित्र, कोणी शिक्षक. सर्वस्वी अनोळखी अशी सुमारे १६ टक्केच होती. म्हणजे अनोळखी माणूस स्वप्नात येणे हे विपरीत नाही.

त्याच अभ्यासातील दुसरा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा आहे. ओळखीच्या माणसाला स्वप्नात कशावरून ओळखले असे विचारले असता अनेक वेळा उत्तर आले की, चेहऱ्यावरून नव्हे, 'तो तोच होता हे मला ठाऊक होते.' वाचकांनाही हा अनुभव असेल. स्वप्नात घर आपले नसते, पण ते आपले आहे हे माहीत असते. समोरच्याचा चेहरा मामासारखा नसतो, पण तो मामा आहे याविषयी शंका नसते. चेहरा दिसणे आणि ओळख पटणे या दोन क्रिया जागेपणी एकत्र घडतात. स्वप्नात त्या एकमेकींपासून सुटतात. २०१७ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथील संशोधकांनी दाखविले की, स्वप्नात चेहरा पाहिल्याचे सांगणाऱ्यांच्या मेंदूत, जागेपणी चेहरे पाहताना जो भाग कार्य करतो, जवळपास त्याच भागात हालचाल वाढलेली होती. याचा अर्थ असा की, स्वप्नातील चेहरा पाहण्यासाठी बाहेरच्या कोणा माणसाची आवश्यकता नसते.

या ठिकाणी बौद्ध विचारातील 'सञ्ञा' ही संकल्पना उपयोगी पडते. पंचस्कंधांतील सञ्ञा म्हणजे वस्तूवर खूण करणे आणि पुढे त्या खुणेवरून ती वस्तू ओळखणे. आचार्य बुद्धघोषांनी 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथात सञ्ञेला लाकडावर खुणा करणाऱ्या सुताराची उपमा दिली आहे. सञ्ञा कशी उत्पन्न होते हे सांगताना त्यांनी हरणाच्या पाडसांचे उदाहरण घेतले आहे. शेतातील गवताचे बुजगावणे पाहून पाडसाच्या ठायी 'हा माणूस आहे' अशी सञ्ञा उत्पन्न होते. बुजगावण्याला चेहरा नसतो, फार तर एक मडके असते. तरीही माणूस 'दिसतो'. स्वप्नातील अनोळखी व्यक्तीची गोष्ट पुष्कळशी अशीच आहे. काही अपुऱ्या खुणा असतात आणि बाकीचा माणूस सञ्ञा उभा करते.

या खुणा येतात कोठून? अंगुत्तरनिकायाच्या अट्ठकथेत स्वप्नाची चार कारणे सांगितली आहेत. त्यांतील पहिले शरीरधातूंचा क्षोभ आणि दुसरे 'अनुभूतपुब्ब', म्हणजे पूर्वी अनुभवलेले. नरखेडहून काटोल-कळमेश्वरमार्गे रेल्वेने नागपूरला जाणारा माणूस एका प्रवासात शेकडो अनोळखी चेहरे पाहतो. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर गेलेली उपासिका एका दिवसात हजारो चेहऱ्यांच्या मधून चालते. त्यांतील एकही चेहरा ती लक्षपूर्वक न्याहाळत नाही. परंतु डोळ्यांपुढून गेलेल्या गोष्टींचा काही अंश चित्तात राहतो आणि निद्रेत एकाचे कपाळ, दुसऱ्याची चालण्याची ढब, तिसऱ्याचा आवाज यांची सांगड घातली जाते. सिग्मंड फ्रॉइड यांनी अशा मिश्र व्यक्तींची तुलना फ्रान्सिस गाल्टन यांच्या छायाचित्रांशी केली होती. गाल्टन अनेक माणसांच्या प्रतिमा एकाच काचेवर एकमेकींवर घेत आणि त्यातून कोणाचाच नसलेला एक चेहरा तयार होई.

स्वप्नात दिसणारा प्रत्येक चेहरा आपण पूर्वी कोठेतरी पाहिलेलाच असतो, असे ठामपणे सांगणारे लेखन हल्ली बरेच वाचावयास मिळते. ते स्वीकारताना सावध राहिले पाहिजे. एखाद्या माणसाने जन्मभरात पाहिलेल्या सर्व चेहऱ्यांची यादी कोणापाशीच नाही. म्हणून हे विधान सिद्धही करता येत नाही आणि खोडूनही काढता येत नाही. जे तपासता येत नाही ते विज्ञानाच्या नावाने सांगितले गेले म्हणून विज्ञान होत नाही.

जाग आल्यावर चेहऱ्यात होणारी भर

माणूस जागा होतो तेव्हा त्याच्या हाती स्वप्नाचे तुकडे असतात. ते दुसऱ्याला सांगताना तो वाक्ये जुळवितो, क्रम लावतो, गाळलेल्या जागा भरतो. दुसऱ्यांदा सांगताना तो स्वप्न आठवीत नाही, तर पहिल्यांदा सांगितलेली हकीकत आठवितो. नागसेनांनी आरशाची उपमा दिली आहे. आरसा प्रतिबिंब शोधावयास कोठे जात नाही, ते आपोआप त्यात पडते; तसेच स्वप्नाचे निमित्त चित्तापुढे येते. पुढे ते सांगतात की, स्वप्न पाहणाऱ्या चित्ताला त्याचे फळ काय हे ठाऊक नसते. तो दुसऱ्यांना सांगतो आणि अर्थ ते सांगतात. अर्थ जागेपणी बाहेरून जोडला जातो, हे येथे स्पष्टपणे मान्य केलेले आहे.

जागेपणी, उजेडात, मुद्दाम निरखून पाहिलेला अनोळखी चेहराही स्मृतीत विश्वासार्हपणे राहत नाही, याचा एक विदारक पुरावा न्यायालयाच्या इतिहासात आहे. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात १९८४ साली एका तरुणीवर अत्याचार झाला. गुन्हेगार पुढे ओळखता यावा म्हणून तिने त्याचा चेहरा जाणीवपूर्वक लक्षात ठेवण्याचा प्रयत्न केला. तिने पूर्ण प्रामाणिकपणे रोनाल्ड कॉटन या कृष्णवर्णीय तरुणाला ओळखले आणि त्याला शिक्षा झाली. दहा वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढल्यानंतर १९९५ साली डीएनए तपासणीने तो निर्दोष ठरला. गुन्हेगार दुसराच होता. ती तरुणी खोटे बोलत नव्हती. छायाचित्रांतून निवड करताना, मग रांगेतून ओळखताना, कॉटनचा चेहराच तिच्या आठवणीत जाऊन बसला होता. डोळे उघडे असताना ही गत, तर माकडाच्या झोपेत पाहिलेल्या तोंडाला साक्षीदाराचा दर्जा कसा देता येईल?

डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मृतीच्या या मर्यादेविषयी अत्यंत जागरूक होते. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांनी दाखवून दिले आहे की, तथागतांच्या हयातीतही त्यांच्या वचनांचे चुकीचे कथन होत असे. वचने मुखोद्गत ठेवण्याच्या पद्धतीत भर आणि गळती यांना वाव होता. यासाठी त्यांनी कसोट्या दिल्या. जे बुद्धिसंगत व तर्कसंगत आहे तेच बुद्धवचन मानता येईल. ज्याचा मानवी कल्याणाशी संबंध नाही अशा चर्चेत बुद्ध पडत नसत. आणि ज्या विषयांत निश्चिती नाही त्यांवर त्यांनी मांडलेली मते तात्पुरती समजावीत. बुद्धवचनाच्या बाबतीत जी कसोटी आवश्यक ठरते, ती भगताच्या वचनाला का लावू नये?

मृतांचे चेहरे

नरखेड तालुक्यात या विषयाला एक दुःखद बाजू आहे. ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या महापुरात नदीकाठच्या मोवाड गावात दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्या दिवशी जी मुले होती ती आज प्रौढ आहेत. अशा आपत्तीतून वाचलेल्यांना पाण्याची, हाकांची, बुडणाऱ्या चेहऱ्यांची स्वप्ने अनेक वर्षे पडू शकतात, हे जगभरच्या आपद्ग्रस्तांच्या अभ्यासातून सर्वमान्य झाले आहे. ही स्वप्ने झोप मोडतात, म्हणून आठवतात. आठवतात, म्हणून पुढच्या रात्रीची भीती वाढवितात. त्यांत कधी आप्तांचे चेहरे असतात, तर कधी नाव ठाऊक नसलेल्यांचेही.

'मेलेला माणूस स्वप्नात येतो, म्हणजे त्याचे काही राहिले आहे' असे सांगून उतारा, शांती, पिंडदान यांसाठी शोकग्रस्तांकडून पैसे काढणे हा दुःखाचा व्यापार आहे. धम्मदीक्षेच्या वेळी घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध व पिंडदान नाकारलेले आहे, ते केवळ कर्मकांडाचा विरोध म्हणून नव्हे. मृत व्यक्ती परत येऊन मागणी करीत नाही, हे सत्य त्यामागे आहे. सुत्तनिपातातील जरासुत्तात प्रियजनाच्या मृत्यूसाठी स्वप्नातील भेटीची उपमा योजिली आहे. जाग आल्यावर जशी ती भेट उरत नाही, तसा गेलेला माणूस पुन्हा भेटत नाही. धर्मानंद कोसंबींनी सुत्तनिपाताचे मराठी भाषांतर केले आहे. वाचकांनी ते सुत्त मुळातून अवश्य वाचावे. त्यात कठोरपणा नाही. स्वप्नात दिसलेली आई ही आपल्याच प्रेमाची व स्मृतीची निर्मिती आहे. तिच्यासाठी डोळ्यांत पाणी येणे स्वाभाविक आहे. तिच्यासाठी कोंबडे कापणे स्वाभाविक नाही.

पसेनदीची सोळा स्वप्ने

स्वप्नाच्या भीतीतून हिंसा कशी जन्मते आणि ती कशी थांबते, याचे उदाहरण महासुपिन जातकात आहे. कोसलराज पसेनदीला एका रात्री सोळा स्वप्ने पडली. पुरोहितांनी राज्य, प्राण आणि संपत्ती यांवर संकट असल्याचे सांगितले आणि चव्हाट्याचव्हाट्यावर यज्ञ करावयास लावले. बळी देण्यासाठी पशुपक्षी गोळा होऊ लागले. राणी मल्लिकेने ही धावपळ पाहिली, कारण विचारले आणि राजाला जेतवनात तथागतांकडे पाठविले. तथागतांनी सांगितले की, या स्वप्नांपासून त्याला कोणतेही भय नाही. पुढे जातकात त्या स्वप्नांचा अर्थ अधार्मिक राजे आणि अन्यायी राज्यव्यवस्था यांच्या संदर्भात लावला आहे. अखेरीस यज्ञ रद्द होऊन बांधलेले प्राणी सोडून देण्यात आले.

या कथेत भविष्यकथनाचा अंश आहे हे लपविण्याचे कारण नाही. अट्ठकथेतील चार कारणांतही उरलेली दोन देवतेची प्रेरणा आणि पूर्वनिमित्त ही आहेत. त्या काळच्या समजुतींचा तो ठसा आहे. बाबासाहेबांच्या कसोटीला शरीराचा क्षोभ आणि पूर्वानुभव ही पहिली दोन कारणे उतरतात, उरलेली दोन उतरत नाहीत. महामायेच्या स्वप्नाचा प्रसंग बाबासाहेबांनी जन्मकथेत ठेवला आहे. परंतु स्वप्नावरून जीवनाचे निर्णय घ्यावेत असे त्या ग्रंथात कोठेही सुचविलेले नाही. दीघनिकायातील ब्रह्मजालसुत्तात स्वप्नफल सांगण्याची गणना भिक्षूंनी टाळावयाच्या हीन विद्यांत केली आहे. सुत्तनिपातातील तुवटकसुत्तातही मंत्रतंत्र, स्वप्न, लक्षणे आणि नक्षत्रे यांच्या आधारे उपजीविका करण्याचा निषेध आहे. विनयपिटकातही स्वप्नात घडलेल्या कृतीसाठी भिक्षूला दोषी धरलेले नाही. मग दुसऱ्याच्या स्वप्नात केवळ 'दिसलेली' शेजारीण दोषी कशी ठरते?

आपण काय करावे?

प्रथम, स्वप्न आठवून पाहावयाचे असल्यास जाग येताच घाईने उठू नये. त्याच कुशीवर काही क्षण पडून राहावे आणि कोणाशीही बोलण्यापूर्वी ते लिहून काढावे. लिहिताना तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात: काय दिसले, काय 'ठाऊक होते' असे वाटले, आणि जागे झाल्यानंतर काय सुचले. चेहऱ्याच्या बाबतीत हा प्रयोग काही दिवस केला, तर पहिल्या रकान्यात फारच थोडे उरते हे प्रत्येकाला स्वतःच पाहता येईल. 'ये आणि पाहा' ही धम्माची रीत येथेही लागू पडते.

दुसरे, कोणी स्वप्न सांगू लागला तर त्याला सूचक प्रश्न विचारू नयेत. "ती अमुक तर नव्हती?" हा एक प्रश्न कोऱ्या चेहऱ्यावर नाव कोरण्यास पुरेसा असतो.

तिसरे, स्वप्नाच्या आधारे कोणावर करणीचा आरोप होत असेल तर विहार समितीने तत्काळ मध्ये पडावे. महाराष्ट्रात २०१३ पासून नरबळी, अघोरी प्रथा व जादूटोणा यांना प्रतिबंध करणारा अधिनियम लागू आहे. एखादी व्यक्ती करणी करते असे भासवून तिचे जगणे कठीण करणे हा त्याखाली गुन्हा असून त्यासाठी सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

चौथे, तीच ती भीतीची स्वप्ने वारंवार झोप मोडीत असतील तर ते दुखणे समजून डॉक्टरांकडे जावे. भारत सरकारच्या 'टेली-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मानसिक आरोग्याविषयी विनामूल्य सल्ला मिळतो. गंड्या-दोऱ्यावर जाणारा पैसा आणि वेळ औषधोपचाराकडे वळविणे हे धम्माशी सुसंगतच आहे.

पाचवे, अंगुत्तरनिकायात सांगितले आहे की, स्मृती हरवून झोपणाऱ्याला दुःस्वप्ने पडतात, आणि मैत्रीभावनेचा अभ्यास करणारा सुखाने झोपतो, सुखाने उठतो, त्याला वाईट स्वप्ने पडत नाहीत. मैत्रीभावनेत प्रथम स्वतःविषयी, मग प्रियजनांविषयी, मग ज्यांच्याशी आपले ना प्रेम ना वैर अशा अनोळखी माणसांविषयी आणि शेवटी वैऱ्याविषयीही मंगल चिंतावयाचे असते. अनोळखी चेहऱ्याची भीती वाटणाऱ्या माणसाने झोपण्यापूर्वी अनोळखी माणसाचे कल्याण चिंतावे, याहून अधिक साधा उपाय कोणता असणार?

पालि भाषेत 'सति' या एकाच शब्दाने आठवण आणि सावधानता हे दोन्ही अर्थ व्यक्त होतात. स्वप्न विसरले म्हणून माणसाचे काही बिघडत नाही; निसर्गानेच ते विसरण्यासाठी ठेवले आहे. बिघडते ते सावधानता सुटल्यावर. स्वप्नात पाहिलेले तोंड दिवसा एखाद्या जिवंत माणसाच्या खांद्यावर बसविले जाते, तेव्हा त्याचे दुष्परिणाम सबंध गावाला भोगावे लागतात. स्वप्नाला स्वप्न म्हणून जाणणे आणि शेजारणीला तिच्या स्वतःच्या चेहऱ्याने ओळखणे, एवढी सावधानता प्रत्येक उपासक-उपासिकेने बाळगली पाहिजे.